अकरा हजारांतली चोवीस

आशा भोसले यांनी किती गाणी गायली, हा वाद गिनेस बुकाने 2011 साली आपल्यापुरता मिटवून टाकला. एकटीची, जोडीची, कोरससह अशी सगळी धरून 11,000 पर्यंत, आणि तीही वीसहून जास्त भारतीय भाषांत. वडूजच्या एसटी स्टँडाजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मात्र वाद निराळाच आहे. त्या 11,000 मधली ठेवायची कोणती, आणि ती ठरवणार कोण?

दुकान मामांचं. म्हणजे ते खरे मामा एकाच मुलीचे, पण अख्खी पेठ त्यांना मामाच म्हणते. आज पाटीवर मोबाईल कंपन्यांचे स्टिकर आहेत. रंगाचे पोपडे निघालेत तिथे खालची जुनी अक्षरं वाचता येतात : आवडीची गाणी भरून मिळतील. भाची सांगलीत गाणं शिकवते, जुन्या तबकड्या जमवते आणि सुट्टीला आली की मामांच्या फळ्या आवरायला घेते. त्या दिवशी तिच्या हाताला 'गाजलेली मराठी गाणी' छापाची एक कॅसेट लागली, वर आशाबाईंचा फोटो. तिने ती सरळ रद्दीच्या ढिगात टाकली आणि मामांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. माझा फोन त्यांच्यापुढे पोट उघडून पडला होता, त्यामुळे मला उठून जायची सोय नव्हती.

मामा : ती का टाकलीस?

भाची : काय आहे तिच्यात, मामा? दहाबारा गाणी. तीच जी प्रत्येक कॅसेटमध्ये असतात. पुढे सीडी निघाली तेव्हा त्यावरही तीच, आणि आता मोबाईलवर 'आशा हिट्स' लिहा, पहिली दहा तीच येतात. बाई आयुष्यभर गायल्या आणि आपण त्यांना एका कॅसेटच्या बारा गाण्यांत बसवलं.

मामा : मग काय 11,000 ऐकू? हिशोब कर की. साडेतीन मिनिटांचं एक धरलं...

भाची : 38,500 मिनिटं. सुमारे 642 तास. झोप, जेवण सोडून रात्रंदिवस ऐकलं तर 27 दिवस.

मामा : सत्तावीस दिवस माझी बायको मला घरात घील का? निवड करावीच लागती, पोरी. तू ज्याला बारा गाण्यांत बसवलं म्हणतीस, त्याच बारांमुळं माणसं पुढची शोधत आली माझ्याकडं. 

भाची : निवडीला माझा विरोध नाही. निवडलं कुणी, त्याला आहे. कंपनीच्या साहेबाने निवडलं, आणि तेसुद्धा फक्त कंपनीच्या गोदामातलं. ज्या गाण्यांचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे, ती कितीही मोठी असोत, त्या कॅसेटवर येणारच नाहीत. आणि वर लिहायचं 'सर्वश्रेष्ठ'!

हा मुद्दा सहज सुटून जातो, म्हणून मध्येच थांबतो. कुठल्याही गायकाचा 'निवडक' संग्रह हा आधी मालकीचा नकाशा असतो, आवडीनिवडीचा नंतर. ग्रामोफोन कंपनीकडे, म्हणजे आजच्या सारेगामाकडे, जुना साठा मोठा, म्हणून त्यांचे संग्रहही मोठे. 2017 साली त्यांनी 5,000 हिंदी गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' बाजारात आणला, रूप जुन्या ट्रान्झिस्टरचं, आणि गायकाच्या नावापुढे काटा फिरवला की गाणी सुरू. घरोघरच्या आजी-आजोबांना तो नातवंडांनी भेट दिला. त्यात काय नाही, हे विचारायचं त्या आजी-आजोबांना काही कारण नव्हतं. मामांना होतं, कारण गिऱ्हाईक त्यांच्याकडे येऊन नेमकं नसलेलंच मागायचं.

मामा : माझं काम निराळं हुतं. गलाईवाला आला की यादी घेऊन यायचा.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी : खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कोलकात्यापासून कोइमतूरपर्यंत सराफकट्ट्यात जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणारा माणूस मराठी बोलताना सापडला, तर तो बहुधा इकडचाच. ही माणसं जत्रेला, दिवाळीला, लग्नाला गावी येतात आणि परत जातात.

मामा : परत जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी यायचा. वहीचं पान फाडून आणलेलं. 'मामा, नव्वदची भरा.' नव्वदची म्हंजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. साडेतीनचं गाणं धर, बारा एका बाजूला, बारा दुसऱ्या. चोवीस. तेवढीच घेऊन तो वर्षभर परमुलखात राहणार, जिथं रेडिओवर मराठीचा शब्द न्हाई. त्यानं निवडलेली चोवीस आणि तुझ्या साहेबानं निवडलेली बारा एकच का?

भाची : नाही. हे मला मान्य आहे.

मामा : मग टाकलीस का?

भाची : कारण ती साहेबाची आहे! तुमची कुठे आहे त्यात?

मामांनी काउंटरखालून एक लांबट वही काढली. दुधाच्या हिशोबाला असते तसली. प्रत्येक पानावर तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, खाली आकडे घातलेली गाणी आणि पुढे बरोबरच्या खुणा. काही गाण्यांपुढे 'ना.' असं लिहिलेलं : नाही मिळालं. काहींपुढे 'आ.आ.' मी विचारलं. 'आपली आवड', ते म्हणाले. आकाशवाणीच्या फर्माइशी कार्यक्रमात ते गाणं लागेल तेव्हा टेप करून ठेवायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायचं. सांगली केंद्र 1963 पासूनचं. मामांच्या दुकानातला संग्रह निम्मा तिथून आलेला.

कॅसेट भरणं ही कारागिरी होती, हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. दोन खणांचा डेक. एकात मूळ, एकात कोरी. कोरीच्या सुरुवातीला वीतभर पांढरी फीत असते, तिच्यावर काही उमटत नाही, म्हणून आधी पेन्सिल घालून ती फिरवून घ्यायची; नाहीतर पहिल्या गाण्याचे पहिले सूर गेलेच. गाणं संपलं की एकदम बटण दाबायचं नाही, आवाजाची खुंटी हळू उतरवायची. बाजू संपत आली आणि तीन मिनिटं उरली, तर तीन मिनिटांचंच गाणं हवं. आणि सगळं झालं की कॅसेटच्या पाठीमागच्या दोन प्लास्टिकच्या खिट्ट्या मोडायच्या, म्हणजे घरी पोरांनी त्यावर चुकून काही टेप करायला नको.

मामा : तीन मिनिटं उरली की 'नाच रे मोरा'. ठरलेलं. 

भाची : बघा! म्हणजे पु. ल. देशपांड्यांनी चाल लावलेलं, माडगूळकरांनी लिहिलेलं 1953 च्या 'देवबाप्पा'तलं गाणं तुमच्याकडे जागा भरायला!

मामा : जागा भरायला का हुईना, ते कोइमतूरला गेलं. तिथं जन्मलेल्या पोराला झोपवताना लागलं. पुलंना राग आला नसता.

यावर भाची हसली. पण वही तिने सोडली नाही. पानं उलटत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं.

भाची : मामा, तुमच्या गिऱ्हाइकांनी आशाबाईंचे तुकडे केले नाहीत. कंपन्या करतात. भावगीतं एका कॅसेटवर, लावण्या दुसरीवर, नाट्यगीतं तिसरीवर, हिंदी तर वेगळ्याच कपाटात. इथे बघा, हा एकच माणूस : 'जिवलगा' आहे, त्याखाली 'बुगडी', त्याखाली 'पिया तू', आणि शेवटी आशाबाईंच्या वडिलांचं नाट्यगीत.

मामा : ती बाजू जेवण झाल्यावरची. 'पिया तू' बायको माहेरी गेल्यावरची. त्यानं मला सांगितलं हुतं.

हा विनोद झाला, पण त्या यादीत आशाबाईंचं खरं चरित्र आहे. जन्म सांगलीतला, 8 सप्टेंबर 1933. वडील मास्टर दीनानाथ, बळवंत संगीत मंडळीचे, म्हणून नाट्यगीत. 1942 मध्ये ते गेले, आणि पुढच्याच वर्षी दहा वर्षांची मुलगी 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात दत्ता डावजेकरांकडे गायली. मग ओ. पी. नय्यर, मग राहुलदेव बर्मन. 1971 च्या 'कारवाँ' चित्रपटातलं 'पिया तू'चं ते कॅबरे. मध्ये भाऊ हृदयनाथ आणि शांताबाई शेळके यांचं 'जिवलगा'. आणि 1995 मध्ये 'रंगीला' झळकला तो तारखेने 8 सप्टेंबरला. पडद्यावर ऊर्मिला मातोंडकर आणि आवाज त्या दिवशी 62 पूर्ण करणाऱ्या बाईचा. हे सगळं एका गळ्यातलं आहे, हे कंपनीच्या कप्पेबंद कॅसेटवरून कळत नाही. त्या गलाईवाल्याच्या चोवीस गाण्यांवरून कळतं. इथे मी मामांच्या बाजूचा आहे.

पण भाचीचं संपलं नव्हतं.

भाची : मात्र एक गोष्ट तुम्ही आणि कंपनीने मिळून केलीत. नावं घालवलीत.

मामा : कसली नावं? आशाबाईंचं नाव हाय की वर.

भाची : त्यांचंच आहे. वहीत कवी कुठे आहे? संगीतकार कुठे आहे? तुम्ही आकाशवाणीवरून टेप करत होतात ना? तिथे निवेदक आधी सांगायचे : गीत अमक्यांचं, संगीत तमक्यांचं, आणि गायिका. तुम्ही काय करायचात? निवेदन संपेपर्यंत बोट बटणावर ठेवायचात. सूर सुरू झाला की दाबायचात.

मामा : निवेदन टेप झालं तर गिऱ्हाईक पैसं देत न्हाई!

भाची : म्हणजे 'बुगडी' कुणाची, तर आशाची. माडगूळकर गेले, वसंत पवार गेले, पडद्यावर नाचलेल्या जयश्री गडकर गेल्या. 

मामा : माडगूळकर कसं जातील? ते तर आपलंच. त्यांचं शेटफळं कितीसं लांब?

आता 'बुगडी' निघाल्यावर वडूजला थोडं थांबावंच लागतं. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 चा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला. साताऱ्याच्या वाटेवर दागिना गमावून बसलेल्या बाईची ती लावणी या जिल्ह्यात जवळजवळ स्थानिक बातमीसारखी ऐकली जाते. मामांच्या वहीत ती जवळपास पानाआड आहे. गलाईवाल्याला कवितेचं सौंदर्य वगैरे काही नको होतं. परमुलखात कुणीतरी आपल्या जिल्ह्याचं नाव घेतं, एवढं त्याला पुरत होतं. आणि ते नाव ओळीत बसवलं कुणी, तर माणदेशच्या मातीतल्या माणसाने. त्याचंच नाव वहीत नाही.

भाची : गायकाचं नावसुद्धा फुकट मिळालेलं नाही, मामा. 1949 च्या 'महल'ची तबकडी निघाली तेव्हा लतादीदींच्या गाण्यावर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. चित्रपटातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं, तेव्हा खरं नाव कळलं. पुढे गायकाचं नाव एवढं मोठं झालं की बाकीची पुसली.

मामा : मग तुझं म्हणणं काय, आशाबाईंच्या नावानं संग्रहच काढू नये?

भाची : काढा की. पण दुसरीकडूनही काढता येतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटने आशाबाईंना घेऊन अख्खा अल्बम केला. सगळी गाणी राहुलदेव बर्मनची. म्हणजे गळा त्यांचा, पण निवड संगीतकाराच्या नावाने. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी ती पुन्हा नव्याने गायली. नाहीतर 'ऋतू हिरवा' घ्या. श्रीधर फडके यांनी एका गायिकेसाठी बांधलेला अल्बम. कवींत शांताबाई आहेत, तसे सौमित्रही आहेत. त्यातलं एक गाणं उचलून तुमच्या नव्वदच्या कॅसेटमध्ये 'पिया तू'च्या शेजारी टाकलं की ते गाणं राहतं, पण घर मोडतं.

मामा : घर मोडून माणसं परमुलखात जातातच की. गाण्याला काय हुतंय?

याला भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. तिने विषय विलायतेला नेला.

भाची : इंग्लंडमध्ये कॉर्नरशॉप नावाच्या बँडने 1997 मध्ये आशाबाईंवर गाणं केलं. पहिल्यांदा निघालं तेव्हा ते तिथल्या खपाच्या यादीत साठाव्या नंबरवर जाऊन थांबलं. मग फॅटबॉय स्लिम या डीजेने त्याचा वेग वाढवला, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये तेच पहिल्या नंबरवर.

मामा : आणि त्या गोऱ्या पोरांनी आशाबाईंचं एक तरी गाणं ऐकलं हुतं का?

भाची : बहुतेकांनी नसेल. पण त्या गाण्यात कौतुक कशाचं आहे सांगू? पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीचं.

मामा : ईपी! चार गाण्यांची. दोन वर, दोन खाली. आमच्याकडं रेकॉर्ड प्लेअर असल्यापासून मी सांगतोय, चार गाणी म्हंजे पुष्कळ. 

भाची : तुमचा आकडा दर वेळी बदलतो. मघाशी चोवीस होता.

मामा : जेवढी फीत तेवढी निवड. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर तीन मिनिटं मावायची, म्हणून गाणं तीन मिनिटांचं झालं. कुणी आधी ठरवलं न्हवतं. आता मेमरी कार्ड आलं. पोरगं येतं, म्हणतं, मामा, हजार मारा. कोणती? कोणतीपण. ते हजारातलं एक ऐकत न्हाई. तुझं हे सगळं ऐकायचं खूळ झालं ना पुरं, आता कर आनंद.

मामा या वेळी चिडले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. 'भरून घेणं' आणि 'मारून घेणं' यांत जो फरक त्यांच्या धंद्यात झाला, तो तंत्राचा कमी आणि यादीचा जास्त. पान फाडून आणणारा माणूस आठ दिवस मनात गाणी घोळवून यायचा. भाची ज्या कंपनीच्या साहेबावर चिडते, त्या साहेबालाही शेवटी बाराच गाणी निवडायची होती. काहीतरी सोडताना त्याचा हात थांबला असेल. आज सोडायची वेळच येत नाही.

पण मामांच्या या गौरवगाथेला कायद्याची एक बाजू आहे, ती मीच काढली. हे सगळं भरून देणं कॉपीराइटच्या कायद्यात बसत होतं का?

मामा : (फोनच्या आत बघत) तवा कोण विचारत हुतं?

भाची : बसत नव्हतं. आणि आताचा गुंता तर आणखी मजेचा आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. 1959 मध्ये निघालेल्या तबकडीचा 2019 अखेर संपला. पण शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. माडगूळकर 1977 ला गेले. म्हणजे 2037 अखेरपर्यंत 'बुगडी'चा आवाज मोकळा, शब्द बांधलेले.

मामा : म्हंजे कायद्याला कवी आठवतो.

भाची : हो. तुमच्या वहीलाच आठवत नाही.

मामांनी वही तिच्या हातातून काढून घेतली, पण बंद केली नाही. कंपनीची ती कॅसेट रद्दीच्या ढिगातून उचलून त्यांनी वेष्टनाचा कागद उलगडला. आतल्या घडीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, प्रत्येक गाण्याखाली कवी आणि संगीतकार छापलेले होते. साहेबाने तेवढं केलं होतं. भाची ते वाचत उभी राहिली आणि तिने कॅसेट पुसून परत फळीवर ठेवली. मामा काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची संधीही मिळाली नाही, कारण तेवढ्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचा एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन दारात आला.

"मामा, जुनी भरा. आशा, लता, काय असंल ते. रात्रीचं झोप यायला नको."

"किती?"

"बसतील तेवढी."

"चोवीस भरतो," मामा म्हणाले. "ऐक आणि आणखी पायजे असली तर यादी घेऊन ये."

पोरगा चहाला गेला. मामांनी संगणक लावला, आणि भाची शेजारी स्टूल ओढून बसली. पहिलं गाणं निघालं, अर्थातच, 'बुगडी'. फाइलीचं नाव होतं 'ट्रॅक 07'.

भाची : हे बदला. गाण्याचं नाव, गीत ग. दि. माडगूळकर, संगीत वसंत पवार, स्वर आशा भोसले.

मामा : ट्रॅक्टरच्या टेपवर मराठी दिसत न्हाई. चौकोन दिसत्यात.

भाची : मग इंग्रजी अक्षरांत लिहा.

मामा : आठ अक्षरं दिसतात फक्त. पुढचं पट्टीत मावत न्हाई.

भाची : 'गदिमा' लिहा. इंग्रजीत सहा होतात.

मामा : (टाइप करत) दोन उरली. पवारांचं काय करू?

भाची बोटांवर अक्षरं मोजायला लागली.